चार ओहमचा हिशेब

गळीत हंगाम सुरू झाला की परभणी जिल्ह्यात ट्रॅक्टर आधी ऐकू येतो, मग दिसतो. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या, छताला रंगीत दिव्यांची माळ, मडगार्डवर पट्ट्यांनी आवळलेल्या पेट्या. आणि त्या पेट्यांतला ठोका गाण्याचे शब्द कळण्याच्या कितीतरी आधी येऊन छातीवर बसतो. माखणी, देवनांद्रा, कानडखेड, अमडापूर, कारखाना कुठलाही असो, हंगामभर त्याच्याकडे जाणारे रस्ते रात्री असे वाजत असतात. त्यावर चिडणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची चीड रास्त आहे. तिच्याकडे मी येणार आहे. पण आधी मला त्या पेटीच्या मागच्या बाजूला जायचं आहे, जिथे बॅटरीकडून आलेली जाड लाल तार अ‍ॅम्पमध्ये शिरते. त्या तारेच्या जाडीवर, तिच्या टोकाला पिळलेल्या स्क्रूवर आणि वूफरच्या कॉइली कशा जोडल्या यावर किती गोष्टी अवलंबून असतात, हे नेमकं कळणारी माणसं या जिल्ह्यात आहेत. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

गंगाखेड रोडला असंच एक पत्र्याचं शेड आहे. तिथल्या मिस्त्रींना सगळे ‘उस्ताद’च म्हणतात. वय साठीच्या पुढे. सुरुवात मंडपवाल्याकडे झाली. लग्नाला, उरुसाला, सप्ताहाला भोंगे बांधायचे, बाभळीच्या फांदीवर चढून तार ओढायची, रात्रभर मशीनजवळ बसायचं. आपल्याकडे गावोगावी पोचलेल्या आहुजाच्या मशीनच्या पाठीमागे चार, आठ, सोळा ओहम अशी ठिकाणं लिहिलेली असत. भोंग्याचं युनिट बहुधा सोळा ओहमचं. एक भोंगा असेल तर तार सोळावर, दोन शेजारी-शेजारी जोडले तर आठवर, चार जोडले तर चारवर. चुकीच्या जागी तार लावली की मशीन तापायचं, आवाज फाटायचा आणि मालकाची थप्पड बसायची. ओहम म्हणजे काय हे तेव्हा कुणी समजावून सांगितलं नाही. पण भोंगे वाढले की आकडा खाली येतो, हे हाताला कळलं. आज ते कारमध्ये, जीपमध्ये आणि सगळ्यात जास्त ट्रॅक्टरवर वूफर बसवतात, तेव्हा तोच हिशेब वापरतात. फरक इतकाच की आता आकडे फार खाली गेले आहेत.

मी गेलो तेव्हा सोनपेठकडचा एक तरुण ट्रॅक्टर घेऊन आला होता. हंगाम तोंडावर आलेला. दोन बारा इंची वूफर नवेकोरे, एक मोनो अ‍ॅम्प आणि तारेचा तयार संच असं सगळं त्याने बाहेरून आणलेलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ३००० वॅट छापलेलं. उस्तादांनी ते खोकं बाजूला ठेवलं आणि अ‍ॅम्प उलटा करून तळाची बारीक अक्षरं मोबाइलच्या उजेडात वाचायला सांगितली. चार ओहमला ३०० वॅट, दोन ओहमला ५००. त्याखाली काही नाही. म्हणजे हा अ‍ॅम्प एक ओहमवर चालवायचा नाही. खोक्यावरचा आकडा हा क्षणभराच्या उसळीचा, बहुतेकदा नुसत्या जाहिरातीचा असतो. सतत मिळणारी ताकद तळाशी लिहिलेली असते. खरेदी करताना हा एवढा एक भाग वाचला तरी माणसाचे बरेच पैसे वाचतात.

मग वूफर. प्रत्येक वूफरला मागे दोन जोड्या, म्हणजे चार टर्मिनल. एकाच कोनाला दोन कॉइली गुंडाळलेल्या असतात. प्रत्येक कॉइल चार ओहमची. उस्तादांनी मल्टिमीटरची टोकं एकेका जोडीला लावली. साडेतीनच्या आसपास आकडा आला. मीटरवर नेहमी थोडं कमीच येतं, कारण मीटर फक्त तांब्याचा रोध मोजतो. छापलेला आकडा हा वाजणाऱ्या वूफरचा, आवाजाबरोबर बदलणाऱ्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा असतो. साडेतीन आला म्हणजे कॉइल चारची आणि शाबूत. आकडा आलाच नाही, तर कॉइल तुटलेली.

आता चार कॉइली हातात आहेत. चारही शेजारी-शेजारी जोडल्या तर एक ओहम. प्रत्येक वूफरच्या दोन कॉइली एकामागे एक जोडल्या तर वूफर आठ ओहमचा होतो, आणि असे दोन वूफर शेजारी-शेजारी लावले तर चार ओहम. चारही एकामागे एक ओढल्या तर सोळा. सारख्या चार कॉइली आणि सगळ्यांना सारखा भार द्यायचा असेल तर एक, चार आणि सोळा एवढेच रस्ते आहेत. तरुणाला हवा होता दोन ओहम, कारण अ‍ॅम्पवर ५०० तिथे लिहिलं होतं. या जोडीतून दोन ओहम निघतच नाही. त्यासाठी दोन-दोन ओहमच्या दुहेरी कॉइलचे वूफर घ्यायला हवे होते. त्यातली प्रत्येक जोडी एकामागे एक लावून चार होते, आणि असे दोन वूफर शेजारी जोडले की दोन. दुकानात ‘चार ओहमचाच आहे’ एवढं ऐकून माल उचलला की असं होतं.

“मग एकवर टाका ना उस्ताद,” तरुण म्हणाला. “आमच्या गावच्या पोराचा एकवरच चालू हाय. लई घुमायलाय.”

“घुमंल की. आठ दिवस घुमंल. मग कारखान्याच्या लायनीत उभा राहशील आन् वास यायला लागंल. चारवर लावतो. आवाजात काय फरक पडतो का तूच ऐक.”

उस्ताद बरोबर सांगत होते. अ‍ॅम्प आपल्या टोकांवर व्होल्ट देतो. समोरचा रोध निम्मा झाला की त्याच व्होल्टला प्रवाह दुप्पट होतो. रोध कमी कमी करत नेला तर कागदावर ताकद वाढत जाते, पण तो वाढीव प्रवाह अ‍ॅम्पच्या आतल्या ट्रान्झिस्टरमधून जायचा असतो. त्यांची पेलण्याची मर्यादा संपली की चांगला अ‍ॅम्प लाल दिवा लावून स्वतःला बंद करतो आणि साधा अ‍ॅम्प जळतो. ३०० आणि ५०० वॅट यांत कानाला किती फरक कळतो? सव्वादोन डेसिबल. ताकद दुप्पट केली तरी तीनच डेसिबल वाढतात आणि आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटायला ताकद साधारण दहापट लागते. हे एकदा ध्यानात आलं की वॅटमागे धावण्यातली निम्मी हौस आपोआप कमी होते.

हे सगळं कुठल्या परदेशी पुस्तकातलं नाही. आपल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात धाराविद्युतचा धडा आहे. एकसर जोडणी, समांतर जोडणी, आकृतीत तीन रोध आणि एक घट. परीक्षेला हमखास एक गणित. ज्या नियमावर ते गणित उभं आहे तो जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली पुस्तकात मांडला. शेडमध्ये उस्तादांचा मदतनीस पोरगा नववी-दहावीपर्यंत शिकलेला. त्याला समांतर जोडणीचं सूत्र पाठ आहे. पण ते सूत्र आणि हातातला वूफर ही एकच गोष्ट आहे, हे त्याला शाळेत कुणी दाखवलं नाही. दाखवलं असतं तर किती पोरांचं गणित पक्कं झालं असतं! मला मनापासून वाटतं की आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेने प्रयोगाच्या तासाला दोन जुने स्पीकर आणि एक मल्टिमीटर आणावा. काळ्या फळ्यावरचा R तेव्हा पोरांच्या हाताला लागेल.

जोडणी ठरली की उस्ताद पेन्सिल सेल काढतात. दीड व्होल्टचा साधा सेल, घड्याळात घालतात तो. त्याची टोकं वूफरच्या तारांना क्षणभर टेकवायची. कोन बाहेर उसळला तर ज्या टोकाला सेलचा प्लस आहे तोच वूफरचा प्लस. आत ओढला गेला तर उलटं. दोन वूफरांपैकी एकाच्या तारा उलट्या लागल्या तर एक कोन हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. दोघांची मेहनत एकमेकांत जिरून जाते, ठोका नाहीसा होतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं वूफर खराब निघाले. अशा ‘खराब’ वूफरांची कितीतरी दुरुस्ती नुसती दोन तारा अदलाबदल करून झालेली आहे. उस्ताद त्याचे पैसे घेत नाहीत. एका कोनाची कडा किंचित बाहेर हललेली पाहून ते त्या टोकावर बोट धरतात, दुसऱ्या वूफरवर तोच खेळ करतात आणि मगच लाल चिकटपट्टीचा तुकडा टर्मिनलजवळ लावतात. वूफरच्या मागची तत्त्वं अमेरिकेत चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली: चुंबकाच्या फटीत टांगलेली कॉइल आणि तिला चिकटवलेला कागदी कोन. शंभर वर्षांत कोनाचा कागद बदलला, चुंबक बदलला; पण प्रवाह आला की कॉइल हलते आणि दिशा उलटली की उलटी हलते, हे तसंच आहे. म्हणून दीड व्होल्टचा सेल आजही पुरतो.

आता तार. माझ्या मते साऱ्या कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग.

अ‍ॅम्प ५०० वॅट देणार असेल तर तो बॅटरीकडून त्याहून जास्त घेणार. जे जास्तीचं घेतो ते उष्णता होऊन जातं. क्लास-डी जातीचा चांगला अ‍ॅम्प घेतल्यापैकी ८० टक्के आवाजाकडे देतो असं धरलं तरी ६२५ वॅट लागले. इंजिन चालू असताना गाडीत साधारण पावणेचौदा व्होल्ट असतात. म्हणजे प्रवाह ४५ अँपिअरच्या घरात. चार ओहमला ३०० वॅट घेतले तर २७. आपल्या अनेक ट्रॅक्टरांचा अल्टरनेटर ३५-४५ अँपिअरचा असतो. त्यातून हेडलाइट जळायचे आहेत, इंडिकेटर लागायचे आहेत आणि पहाटे स्टार्टर मारून रिकामी झालेली बॅटरीही भरायची आहे. अर्थात गाणं काही अखंड एकाच जोरात वाजत नाही, सरासरी बरीच खाली असते. पण डीजेच्या रीमिक्समध्ये ठोका उसंत घेत नाही. अल्टरनेटरला जमत नाही तितकं बॅटरी देते आणि हळूहळू खचते. ठोक्याबरोबर हेडलाइट मिचकावताना दिसले, तर ते याचंच लक्षण. रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे दिवे असे मंदावणं म्हणजे समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यासाठी धोका. एकऐवजी चार ओहम निवडण्यामागे उस्तादांच्या डोक्यात वूफरइतकीच ही बॅटरीही होती.

हा प्रवाह बॅटरीपासून अ‍ॅम्पपर्यंत न्यायचा, तर वाटेत किती गळतो? जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर शेती करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. मुखाशी पाणी भरपूर दिसतं आणि शेवटच्या चारीला ओलही पोचत नाही. तारेतही शेवटच्या टोकाला व्होल्ट कमी पोचतात, आणि तार जितकी बारीक तितके जास्त कमी. घरात प्लगसाठी वापरतो ती अडीच चौरस मिलिमीटरची तार घ्या; पाच मीटर. ४५ अँपिअर नेताना तिच्यात दीड व्होल्ट हरवतात आणि सत्तर वॅट उष्णता तारेतच तयार होते. ही तार इतक्या प्रवाहासाठी बनलेलीच नाही. तिचं वेष्टण मऊ पडणार, वितळणार. तेवढ्याच लांबीची आठ गेजची तांब्याची तार साधारण अर्धा व्होल्ट खाते, चार गेजची पाव व्होल्टाहूनही कमी. गेजचा आकडा लहान तितकी तार जाड, हे नवख्याला उलटं वाटतं. पण बाजारात सगळे असंच बोलतात.

आणि इथे एक फसगत आहे. तयार संचातली चकचकीत लाल तार पुष्कळदा आतून अ‍ॅल्युमिनियमची असते, वरून तांब्याचा मुलामा. बाजारात तिला सीसीए म्हणतात. ती तांब्याच्या तुलनेत दीडपट रोध करते. त्यात वेष्टण जाड आणि आतले धागे कमी असले तर ‘चार गेज’ लिहिलेली तार प्रत्यक्षात आठच्या बरोबरीचीही नसते. उस्ताद तारेचं टोक सोलतात, एक धागा ब्लेडने खरवडतात. आत चांदीसारखं पांढरं निघालं की तरुणाला दाखवतात. रागावत नाहीत; वजनावर तांबं मिळतं त्या दुकानाचा पत्ता सांगतात. तरुणाने आणलेला संच तसाच निघाला. तिथून पुढे अर्धा तास तार आणण्यात गेला, पण काम नीट झालं.

तारेनंतर फ्यूज. फ्यूज अ‍ॅम्पसाठी असतो असं बहुतेकांना वाटतं. तो तारेसाठी असतो. बॅटरीच्या प्लसपासून फूट-दीड फुटाच्या आत तो बसला पाहिजे, कारण बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला कुणी वाचवू शकत नाही. ट्रॅक्टर दिवसभर हादरत असतो. तार पत्र्याच्या कडेवर घासत राहते, वेष्टण कापलं जातं आणि तांबं चॅसीला टेकतं. फ्यूज जागेवर असेल तर एक टिक् आणि शांतता. नसेल तर शेकडो अँपिअर तारेतून वाहतात आणि ती लालबुंद होते. ट्रॅक्टरवर डिझेल आहे, ग्रीस आहे, सीटखाली, छतावर, ट्रॉलीच्या फटीत उसाचं वाळलेलं पाचट आहे. पाचटाला पेटायला वेळ लागत नाही. म्हणून फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा वेढा मारणं हा प्रकार दिसला की उस्ताद कामालाच हात लावत नाहीत. रबरी ग्रोमेट, प्लॅस्टिकची नळी, दर वीतभर अंतरावर पट्टी, सायलेन्सरपासून लांब. हे सगळं लावायला वूफर बसवण्यापेक्षा जास्त वेळ जातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

अर्थिंगचं तसंच. अ‍ॅम्पची काळी तार जवळच्या बोल्टाखाली दाबून दिली की झालं, असं पुष्कळ ठिकाणी करतात. रंगावर बसलेला बोल्ट वीज नेत नाही. जितकी जाड तार प्लसला, तितकीच मायनसला. चॅसीवरचा रंग पॉलिश पेपरने घासून चमकता पत्रा काढायचा, दातेरी वॉशर घालून कसायचं आणि वरून ग्रीस लावायचं, म्हणजे पावसाळ्यात गंज धरत नाही. इंजिनाचा वेग वाढेल तशी स्पीकरमधली शिट्टी वाढते, ही तक्रार असेल तर बहुतेक वेळा दोष इथे किंवा डेकच्या अर्थिंगमध्ये सापडतो. सिग्नल नेणारी आरसीएची तार पॉवरच्या तारेला चिकटून नेलेली असते, हे दुसरं कारण. एक डावीकडून, एक उजवीकडून न्यावी.

कारमध्ये हेच काम बरंच सोपं आणि बरंच नाजूक झालं आहे. नव्या गाड्यांत कंपनीचा पडदा असतो, तो काढता येत नाही. मग मागच्या स्पीकरच्या तारांतून सिग्नल घेऊन हाय-लो कन्व्हर्टरमार्फत अ‍ॅम्पला द्यायचा. काही जण सीटखालचा चपटा वूफर घेतात, अ‍ॅम्प त्याच्याच पोटात. तार मात्र इथेही बॅटरीपासूनच आली पाहिजे, सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून नव्हे.

ट्रॅक्टरवर एवढे मोठे वूफर का लागतात, याचं उत्तर मात्र हौसेत नाही. ४० हर्ट्झच्या ठोक्याची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. बंद कारच्या आत एवढी लाट मावतच नाही. काचा बंद असताना वूफर सबंध केबिनमधली हवाच दाबतो आणि सोडतो, त्यामुळे खालच्या सुरांना फुकट जोर मिळतो. कारमध्ये दहा इंची एक वूफरही पोटात घुमतो तो यामुळे. ट्रॅक्टरला केबिन नाही. आवाज निघाला की चारी दिशांना शेतात जातो. त्यात कोनाला खालचा सूर काढणं मुळातच जड: तेवढ्याच जोरासाठी सूर एक सप्तक खाली नेला तर कोनाला चौपट अंतर पुढे-मागे जावं लागतं. म्हणून कारवाल्याला एक पुरतो आणि ट्रॅक्टरवाला चार लावूनही समाधानी नसतो. तो चार लावतो, अल्टरनेटर तोच राहतो, आणि मग एक ओहमचा मोह सुरू होतो.

याला खरा उपाय पेटीत आहे. नेव्हिल थील यांनी ऑस्ट्रेलियात १९६१ साली आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात हे गणित पक्कं केलं: कोन किती सैल टांगलेला आहे, स्वतः कोणत्या सुराला थरथरतो, चुंबक किती जोरकस आहे, हे मोजलं की त्याला किती घनफुटाची पेटी हवी आणि भोकाची नळी किती लांब हवी ते आधीच काढता येतं. वूफरच्या खोक्यात एक घडीचा कागद असतो, त्यावर हेच आकडे छापलेले असतात. तो कागद बहुतेक वेळा थर्माकोलबरोबर उकिरड्यावर जातो. उस्ताद तो जपून ठेवायला सांगतात. सुताराकडे पाठवताना कागदही पाठवतात. नळीची पेटी नीट साधली तर उघड्यावर तेवढ्याच वॅटमध्ये ठोका ठळक वाढतो. प्लाय अठरा मिलिमीटरचा, कोपऱ्यांत आतून पट्टी, सांध्यांत फेविकॉल, वरून सिलिकॉन. पेटीतून हवेची बारीक शिट्टी आली तर जोर तिथून निघून जातो. उस्ताद सांध्यांवरून ओला हात फिरवून गळती शोधतात.

जळालेल्या कॉइलींचा एक डबाच शेडमध्ये आहे. काळ्या पडलेल्या, इनॅमल उडालेल्या, काहींचा कागदी नळा करपलेला. गिऱ्हाईक म्हणतं वूफरला वॅट झेपले नाहीत. पुष्कळदा खरं कारण उलटं असतं. अ‍ॅम्पमधला ‘गेन’चा स्क्रू हा आवाजाचा खटका नाही; डेक किती व्होल्ट पाठवतो आणि अ‍ॅम्पने ते किती वाढवायचे याचा मेळ घालण्यासाठी तो असतो. तो शेवटापर्यंत फिरवला, वर बेस-बूस्ट पूर्ण, मोबाइलवरचं इक्वलायझर पूर्ण, की अ‍ॅम्पकडे द्यायला व्होल्ट उरत नाहीत. लाटेची शेंडी कापली जाते, वर सपाट होते. आवाज फाटतो. अशा सपाट लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेपेक्षा खूप जास्त ताकद जाते आणि कॉइल तापत राहते. नवी कॉइल, नवा कोन, डँपर बसवून वूफर पुन्हा उभा करता येतो. उस्तादांचं निम्मं उत्पन्न त्यातलं आहे. तरी ते प्रत्येकाला गेन कसा लावायचा हे फुकट शिकवतात.

तो असा: वूफरच्या तारा काढायच्या. बेस-बूस्ट शून्य. डेकचा आवाज पाऊणपर्यंत. मोबाइलवरून ५० हर्ट्झचा एकच सूर लावायचा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला लावायचा आणि स्क्रू हळू फिरवत ठरलेल्या आकड्यावर थांबायचं. आकडा कुठून येतो? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ३०० गुणिले ४ म्हणजे १२००, वर्गमूळ ३४.६. उस्तादांनी हे भिंतीवर खडूने लिहून ठेवलं आहे, गिऱ्हाईकही वाचू शकतं. मग लो-पास ८० हर्ट्झवर, म्हणजे वूफर फक्त ठोका वाजवतो, शब्द वरच्या स्पीकरांकडे राहतात.

आता त्या चिडलेल्या लोकांकडे. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात रात्रीची ही बंदी कडकपणे पाळायला सांगितली. वाहनाच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करायला मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आडवं येतं. दर हंगामात पोलीस आणि आरटीओ ट्रॅक्टर थांबवतात, दंड होतो. हे व्हायलाच हवं. एक अडचण मात्र मोजण्यात आहे. मीटरवर हे डेसिबल मानवी कानाच्या चढउताराप्रमाणे मोजले जातात आणि त्या मोजणीत ५० हर्ट्झचा सूर तीस डेसिबलने कमी धरला जातो. मीटर शांत दाखवेल, पण रस्त्याकडेच्या घरात भांडी थरथरतील आणि तान्हं मूल दचकून उठेल. ज्याच्या घरच्या भिंती थरथरतात त्याची तक्रार खरी आहे, मीटर काहीही म्हणो.

ट्रॅक्टर चालवणाऱ्याची बाजूही मला मांडायची आहे. उघड्या ट्रॅक्टरवर इंजिनाचाच आवाज कानाशी नव्वदच्या आसपास असतो. गाणं ऐकू यायचं तर त्याच्या वर जावंच लागतं. कारखान्यासमोर रांगेत रात्र काढायची, पहाटे रिकामी ट्रॉली घेऊन पुन्हा फडावर, झोप डोळ्यांवर. गंगाखेड, सोनपेठ, पालमकडची कितीतरी कुटुंबं स्वतः ऊसतोडीला जातात, चालकही त्यांच्यातलेच. गाणं हे त्या रात्रीला जागं ठेवणारं साधन आहे. पण ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, हा अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब धरला तर १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच मिळतात. हंगामाच्या अखेरीस कानात राहणारी शिट्टी पुढच्या हंगामापर्यंत पूर्ण जाईलच असं नाही. शिवाय मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न. दोन ट्रॉल्यांच्या मागचं आरशात दिसत नाही. ऐकूही आलं नाही तर चालक बाजू देणार कशी?

त्यावर उस्ताद एक साधी गोष्ट करतात. वूफरच्या पेट्या आणि चालकाच्या कानाशी असलेले स्पीकर यांना वेगळे अ‍ॅम्प, आणि वूफरच्या अ‍ॅम्पच्या रिमोट वायरमध्ये एक खटका, स्टीअरिंगजवळ हाताशी. ही निळी-पांढरी तार खटक्याने तोडली की अ‍ॅम्प झोपतो. गावात शिरताना, रस्ता अरुंद झाला की, दाट धुक्यात, बोटाने खटका खाली. गाणं चालू राहतं, ठोका थांबतो. खर्च एका खटक्याचा आणि हातभर तारेचा. तरुणाने आधी नको म्हटलं. मग खटक्यात लाल दिवा असलेला मिळेल का विचारलं. मिळाला.

संध्याकाळी काम संपलं तेव्हा मीटरवर चौतीस व्होल्ट होते. उस्तादांनी गेनच्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला, म्हणजे कुणी फिरवला तर कळेल. तरुणाने गाणं लावलं, पेटीसमोर उभा राहून ऐकलं, मागे रस्त्यापर्यंत चालत जाऊन ऐकलं.

“त्या पोराच्या एवढाच घुमायलाय की,” तो म्हणाला.

“त्याला बी घेऊन ये,” उस्ताद म्हणाले, “जळायच्या आधी.”